राखून ठेवलेली ओळ

बाई बोलायच्या आधी माझ्या कीबोर्डवर पालथा हात ठेवायच्या. मी लिहिलेला प्रोग्राम चालवून बघायला निघालेली असायची आणि मध्येच तो हात यायचा. रुंद, कोरडा, नखांशी हळदीचा पिवळेपणा राहिलेला. मग प्रश्न यायचा.

"आन् नाई म्हनलं त?"

नाही कोण म्हणणार, तर कर्नेल. संगणकाच्या पोटात हा एक कारभारी बसलेला असतो. तो पडद्यावर दिसत नाही, पण मेमरीतली जागा कोणाला, किती आणि कुठे द्यायची ते तोच ठरवतो. संगणकाला कॅमेरा जोडायचा असेल तर कॅमेऱ्याची भाषा समजणारा एक छोटा प्रोग्राम या कारभाऱ्याच्या घरात पाठवावा लागतो. तो ड्रायव्हर. संगणक चालू असतानाच त्याला आत घालता येतं आणि काम झालं की बाहेर काढता येतं. आत गेल्या गेल्या तो जागा मागतो. बहुतेक वेळा त्याला ती मिळते. कधीतरी मिळत नाही. बाईंची सगळी नोकरी त्या 'कधीतरी'ची तयारी करण्यात गेली.

बाई अमरावतीच्याच. घरचा भाजीपाल्याचा मळा. शिकून बंगळूरला गेल्या, तिथे बरीच वर्षं हेच काम केलं आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आल्या. बोलणं मात्र कधीच गाव सोडून गेलं नव्हतं. मी साताऱ्याकडची. वऱ्हाडी बोलणं माझ्या कानाला सुरुवातीला भांडणासारखंच वाटायचं. बाई "बस ना वं" म्हणाल्या की मी दचकून बसायची.

आमची भेट मुलाखतीत झाली. लग्नाआधी मी पुण्यात ड्रायव्हर लिहायचं काम केलं होतं. मग अमरावती, मुलं, घरी शिकवण्या. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधायला लागले, तर जो तो एकच विचारायचा, "मधल्या काळात काय केलं?" या प्रश्नाचं उत्तर काहीही दिलं तरी शेवट सारखाच व्हायचा. शेवटी मी विचारायलाच जाणं बंद केलं होतं. बाई काम करायच्या त्या कारखान्याचं नाव शेजारणीने सांगितलं म्हणून गेले. एमआयडीसीतली एक शेड, पुढे दोन खोल्या, डाळ निवडायची यंत्रं बनवायचे.

बाईंनी माझा कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ड्रायव्हर आत आला. तीन गोष्टी मांगतल्या. दोन भेटल्या, तिसरीले कर्नेल नाई म्हनते. काय करशीन?"

"दुसरी परत करीन. मग पहिली. मग बाहेर पडीन."

"आधी पहिली काहून नाई?"

"दुसरी पहिलीच्या आधाराने उभी असू शकते. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने परत करायचं."

"उद्यापासून ये. डबा घरून आनजो, अठी चहाशिवाय काई भेटत नाई."

झाली मुलाखत. मालकांनी मला चाचणीवर घेतलं. जमलं तर कायम, नाही तर राम राम.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचं काम आणि घर यांत भिंतच नसते. बाईंचं तसं होतं. एकदा त्यांच्या मावशीकडे दर्यापूरला निघालो होतो, वास्तुशांतीला. जीपवाल्याने पुढची दोन माणसांची जागा कबूल केली, आमच्या पिशव्या टपावर बांधल्या, आम्ही बसलो. तेवढ्यात त्याच्या ओळखीचा कोणी आला आणि हा म्हणतो, "काकू, तुमी मांगं बसा."

मी भांडायच्या तयारीत. बाई शांत. "नाई म्हनते का तू? ठीक हाय. पहिले आमी उतरतो. मंग दोरी सोड. मंग पिशव्या दे."

"अवं काकू, पिशव्या राहू द्या ना वर!"

"जागा तुह्यी, पिशव्या माह्या. आमी नाई त पिशव्या बी नाई."

अख्खी जीप खोळंबली. दोरी सुटली, पिशव्या खाली आल्या, आणि बाई माझा हात धरून पुढच्या जीपकडे चालू लागल्या. गाडी सुटेना म्हणून मागे बसलेली माणसं ओरडायला लागली तशी पहिल्या जीपवाल्यानेच आम्हाला हाक मारली आणि पुढे बसवलं. मी हसत होते. बाई गंभीर होत्या.

"पोरी, नाई म्हनलं का रस्त्यात बसून रडाचं नाई आन् अर्धं सामान सोडून पळाचं बी नाई. जसं आलं तसं मांगं जाचं, साफ. एवढी तयारी असली का मांगाले भेव वाटत नाई."

चाळिशी ओलांडल्यावर मला पोरी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि मागायला भीती का वाटते याचं कारणही तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या वाट्याला आलेला पहिला ड्रायव्हर हा डाळ निवडणाऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्याचा. यंत्रात तुरीची डाळ वरून पातळ धारेने पडते. कॅमेरा पडता दाणा बघतो आणि काळा, किडका किंवा साल राहिलेला दाणा दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. कॅमेऱ्याला चित्रं टाकायला मेमरी लागते, आणि आमचा कॅमेरा हट्टी होता. त्याला मोठी आणि सलग जागा हवी. थोडी इथे, थोडी तिथे असं त्याला चालायचं नाही.

बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी लिहिलं. कॅमेरा चालू केला की ड्रायव्हर आत येतो, जागा मागतो. कॅमेरा बंद केला की जागा परत करतो आणि बाहेर पडतो. बाई परत करण्याबाबत फार कडक. "घेतलेलं दाबून बसनारा ड्रायव्हर म्हनजे भाड्यानं येऊन घर बळकावनारा," असं म्हणायच्या. आमच्या शेडमध्ये यंत्र अनेक दिवस तपासलं. उत्तम चाललं. मग ते अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये गेलं.

तिथे काही दिवस बरं गेलं आणि मग फोन यायला लागले. यंत्र मधेच थांबतं, पडद्यावर अक्षरं येतात, 'कॅमेरा सापडला नाही'. कॅमेरा बदलला. पुन्हा तेच. वायर बदलली. पुन्हा तेच. कॅमेरा अमरावतीला आणून लावला की शहाण्या मुलासारखा चालायचा.

मालकांनी आम्हाला दोघींना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण कंपनी लहान होती आणि अकोल्याच्या बाकीच्या मिलवाल्यांचं त्या एका यंत्राकडे लक्ष होतं. ते स्पष्ट बोलले. "मिलवाला यंत्र परत पाठवतो म्हणतो. ते आलं तर हे मॉडेल मी बंद करणार. आणि ताई, मग ड्रायव्हरच्या माणसाचं माझ्याकडे काम राहणार नाही."

म्हणजे माझं. मला वयाच्या त्या टप्प्यावर दुसरी नोकरी मिळणार नव्हती, हे मला, त्यांना आणि बाईंना, तिघांनाही ठाऊक होतं. मी बाईंकडे बघितलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्या बोलणार नव्हत्या. मागायचं मलाच होतं.

"सर, यंत्र परत मागवायच्या आधी मला एकदा अकोल्याला जाऊन बघू द्या."

ते "जा," म्हणाले.

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मी बी येतो. गाडीत शेंगा घेजो."

मिलमध्ये सगळ्या वस्तूंवर डाळीची पिवळी भुकटी बसलेली असते, माणसांच्या भुवयांवरसुद्धा. यंत्र चालवणारे भाऊ उंच, सडपातळ, कमी बोलणारे. आमचं यंत्र त्यांनी असं पुसून ठेवलं होतं की मला बरं वाटलं. त्याच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या वर, हळदीकुंकवाची बोटं होती.

त्यांनी दाखवलं. पाळी बदलली की ते कॅमेऱ्याचं बटण बंद करतात, मऊ फडक्याने काच पुसतात, पुन्हा बटण चालू करतात. बहुतेक वेळा चालू होतं. त्या दिवशी आमच्या समोरच झालं नाही. 'कॅमेरा सापडला नाही'.

मी माझा लॅपटॉप यंत्राच्या संगणकाला जोडला आणि कर्नेलकडे मेमरीचा हिशोब मागितला. कर्नेल मेमरीचे एकसारखे छोटे तुकडे करून ठेवतो. कुठे किती तुकडे मोकळे, आणि सलग किती मोकळे, हे तो विचारलं की सांगतो. मोकळी जागा भरपूर होती. निम्म्याहून जास्त मेमरी रिकामी. पण सगळी विखुरलेली. एकट्यादुकट्या तुकड्यांची गर्दी, आणि मोठ्या सलग पट्ट्यांच्या रकान्यात शून्य. कॅमेरा धडधाकट होता. माझ्या ड्रायव्हरने सलग जागा मागितली होती आणि कर्नेल नाही म्हणाला होता. ड्रायव्हर नियमाप्रमाणे सभ्यपणे बाहेर पडला होता. पडद्याला मात्र एवढंच कळत होतं की कॅमेरा काही बोलत नाही.

"अमरावतीत असं का होत नाही?" मी म्हणाले.

बाईंनी भाऊंना विचारलं, "मशीन बंद कवा करता?"

"हे काय, पाळीले करतो ना. बटन."

"बटन नाई. पूरं. मेन स्विच."

भाऊंनी आम्ही काही अभद्र बोललो असावं असं बघितलं. "पूरं? म्याडम, सीझनची पूजा झाली, नारळ फुटला का मंग मशीन निजवत नाई आमी. सीझन उठल्यावरच. काई बी मशीन, तुमचंच नाई."

आमच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली व्हायचा. रोज सकाळी मेमरी कोऱ्या पाटीसारखी. इथे नारळ फुटल्यापासून संगणक डोळा न मिटता जागा होता, आणि इतक्या दिवसांत इतक्यांनी थोडी थोडी जागा घेतली, सोडली, की सलग असं काही उरलंच नव्हतं. माझा ड्रायव्हर प्रत्येक पाळीला आपली मोठी पट्टी इमानदारीने परत करत होता, आणि तो काच पुसून होईपर्यंत तिच्यात दुसरेच कोणी बारके भाडेकरू येऊन बसत होते.

परतीच्या वाटेवर बाईंनी शेंगा सोलल्या, पण एकही खाल्ली नाही. सगळ्या माझ्या ओंजळीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी ऐकून घेतलं आणि ते खूश झाले. "इतकंच ना? मग मिलवाल्याला सांगा, रोज एकदा पूर्ण बंद कर."

"नाई सांगाचं," बाई म्हणाल्या.

"का?"

"मशीन त्याचं, नारळ त्याचा. पसारा आपल्या घरातला, तो त्यानं काहून आवराचा?"

"मग ड्रायव्हर चुकला म्हणायचा," मालक माझ्याकडे वळले.

बाईंचा तोच पालथा हात टेबलावर आला. "ड्रायव्हर मी सांगतला तसा लिहिला तिनं. थांबवलं का वापस कर, हे शिकवनं माह्यं. अठी ते चुकलं. तिचं नाई चुकलं, माह्यं चुकलं. माह्या नावावर लिहा."

त्या खोलीत मी बरीच भांडणं ऐकली होती. कोणी असं काही म्हणताना ऐकलं नव्हतं.

मी म्हणाले, एकदा घेतलेली जागा सोडायचीच नाही असं करते. बाईंनी मान हलवली. कॅमेरा बंद असतो तेव्हाच यंत्र आधीच्या पाळीचा हिशोब करतं, त्याला तेवढ्यापुरती बरीचशी मेमरी लागते. संगणक लहान होता.

"जागा राखाची," त्या म्हणाल्या. "मशीन सुरू होतानाच, जवा सगळं मोकळं असते तवा."

"म्हणजे तेवढी मेमरी वायाच की," मालक म्हणाले. "तीच तर कमी आहे."

"वाया कायले जाईन? मालक, तुमच्या पोरीच्या लग्नात पंगतीले व्याह्यांची ओळ राखली होती का नाई?"

"राखली होती."

"ते येईपर्यंत त्या ओळीत कोन बसलं होतं?"

मालक आठवायला लागले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"मी बसली होती," बाई म्हणाल्या. "तुमची वहिनी बसली होती. वाढलं बी होतं. वऱ्हाड आलं, आन् तुमी सोता येऊन म्हनले, बाई, जरा तिकडं सरका. मी भरलं ताट घेऊन मांगच्या ओळीत गेली."

"अहो, तुम्ही ते अजून मनात धरलंय?"

"मनात कायचं धरते? घरच्यालेच उठवता येते. पाहुन्याले बसवलं असतं त तुमी उठवलं असतं का? ओळ बी रिकामी नाई राहिली, व्याही बी सोबत बसले. कर्नेलले तेच सांगाचं. ओळ राख, पन रिकामी ठेवू नको. ज्याले उठवता येते त्यालेच तठी बसव."

मालक खूप हसले. मग हसू आवरून मला म्हणाले, "करा. पण पुन्हा थांबलं तर यंत्र परत येणार, आणि बाकीचं मी बोललोच आहे."

कर्नेलला हे खरंच येतं. सुरुवातीलाच एक सलग पट्टी बाजूला काढायची. ड्रायव्हरला नको असेल तेव्हा तिथे इतरांना बसू द्यायचं, पण ज्यांचं सामान उचलून दुसरीकडे ठेवता येतं अशांनाच. ड्रायव्हर आला की कर्नेल त्यांना भरल्या ताटासकट हलवतो. त्यांना पत्ताही लागत नाही. कर्नेलचं स्वतःचं जड सामान, जे हलवता येत नाही, ते त्या ओळीत मांडतच नाही. ड्रायव्हरने पूर्वीसारखंच घ्यावं आणि पूर्वीसारखंच परत करावं. बाईंची शिकवण तशी पुरती मोडीत निघाली नाही, तिला जागा तेवढी राखून द्यावी लागली.

मी लिहून पूर्ण केलं. बाई शेजारी बसल्या होत्या, हात कीबोर्डवर. या वेळी त्यांच्या आधी मीच विचारलं.

"आणि तरी नाही म्हणाला तर? घरचाच कोणी अडून बसला, उठेचना?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हात उचलून मांडीवर ठेवला. "सांग, मंग काय करशीन?"

"जरा थांबून पुन्हा विचारीन. तरीही नाही, तर साफ मागे जाईन. आणि पडद्यावर कॅमेऱ्याचं नाव न घेता खरं लिहीन, की जागा मिळाली नाही."

"चालव," त्या म्हणाल्या.

ओळ यंत्र सुरू होतानाच राखता येते, म्हणून ते एकदा पूर्ण बंद करणं भाग होतं. भाऊंना ते सांगायला बाई स्वतः गेल्या. सोबत नारळ घेऊन गेल्या आणि सुरू करताना तो भाऊंच्या हातून फोडून घेतला. मग सगळा सीझन मी फोन वाजला की आधी नाव बघायची. अकोल्याचा फोन आला नाही. ऊन वाढलं, तुरीची आवक आटली, तरी आला नाही. आला तो सीझन उठल्यावर, बाईंच्या फोनवर. भाऊ म्हणाले, "म्याडम, आज मशीन निजवून राहिलो. येकदा बी नाई थांबलं. म्हनलं तुमाले सांगावं."

बाई त्यांना "बरं केलं" म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "डब्यात काय आनलं वं आज?"

मी भरली वांगी आणली होती. निम्मी त्यांनी खाल्ली. दुपारी मालकांनी दारातूनच सांगितलं, "ताई, चाचणी-बिचणी संपली बरं का तुमची." मी आजही तिथेच काम करते. अकोल्यात आमची आणखी यंत्रं आहेत, आणि त्या सगळ्यांत ओळ राखलेली आहे.

बाई मागच्या पावसाळ्यात वारल्या. आजारपण थोडकं होतं. शेवटच्या आठवड्यातही मी भेटायला गेले की कारखान्यातलंच विचारायच्या, आणि मी काही सांगितलं की सवयीने त्यांचा हात चादरीवर पालथा पडायचा. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. त्यांनी मानू दिले नसते, आणि आमच्यात ती पद्धतही नव्हती. इथे मानते.

परवा दुपारी माझा फोन वाजला. अकोल्याहून भाऊ.

"म्याडम, मोठ्या म्याडमचा फोन लागून नाई राहिला. दोन दिवस झाले."

मी त्यांना सांगितलं. त्यांच्या मागे मिलचा आवाज येत होता, पट्ट्यांचा आणि पडत्या डाळीचा.

"दरसाल त्यायले सांगून मंगच निजवतो," भाऊ म्हणाले. "आता?"

"मला सांगा, भाऊ."

"बरं. निजवून राहिलो, म्याडम."

त्यांनी फोन यंत्राजवळ नेला असावा. आधी डाळीची धार थांबली. मग हवेच्या फुंकरा थांबल्या. मग पंखा फिरत फिरत मंद होत गेला, आणि मिलच्या पत्र्यावर कुठेतरी बसलेली पाखरं ऐकू यायला लागली.